दर्शनाला दूध का आलं नाही

माझ्या फोनवर अधूनमधून एखादा अनोळखी माणूस विचारतो, "बाई, गायीचं आहे का म्हशीचं?" त्याची काही चूक नसते. नवीन पनवेलपासून कळंबोलीपर्यंत बऱ्याच घरांत माझा नंबर 'दूधवाल्या सिस्टर' या नावानं ठेवलेला आहे. तो एकाकडून दुसऱ्याकडे जाताना 'सिस्टर' हा शब्द कुठेतरी गळून पडतो. मी सांगते, "दादा, माझ्याकडे दूध नसतं. ज्यांच्याकडे असतं त्यांचं बाळापर्यंत पोचवून देते." बहुतेक जण फोन ठेवतात. एकानं मात्र विचारलं होतं, घरपोच मिळेल का.

पनवेलच्या एका प्रसूतिगृहात मी उभं आयुष्य बाळंतिणींच्या खोल्या सांभाळल्या. निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, आता सकाळचा चहा बसून पिऊ. पण ओळखीचे डॉक्टर पेशंटना माझा नंबर देत राहिले आणि मी घरोघर जायला लागले. हे काम बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो संकोचतो किंवा हसतो. बाईला बाळ झालं की दूध येणारच, त्यात शिकवायचं काय, असं त्याला वाटतं. मलाही नोकरीला लागले तेव्हा तसंच वाटायचं.

खरं म्हणजे बाळंतीण आणि बाळ दोघंही नवशिकी असतात. पहिले दोन-तीन दिवस फक्त चीक येतो, घट्ट, पिवळसर, चमचाभर. बाळाचं पोटही तेव्हा बोराएवढंच असतं, त्याला तो पुरतो. पण घरातले लोक तो चमचाभर चीक बघून घाबरतात आणि पावडरच्या दुधाचा डबा आणतात. बाळाचं पोट डब्यानं भरलं की ते छातीला लागत नाही. ते लागलं नाही की शरीराला वाटतं, इथे दुधाची गरज नाही. झऱ्याचं पाणी जेवढं उपसाल तेवढं पाझरतं, तसं हे आहे. उपसणाराच नसेल तर झरा आटतो. माझं बरंचसं काम एवढंच असतं: बाळाचं तोंड नीट मोठं उघडून त्याला छातीशी लावायचं, आईच्या पाठीमागे उशी द्यायची आणि घरातल्या चार माणसांना खोलीबाहेर काढायचं. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड.

कामोठ्यात एक जावई होते, प्रत्येक पाजण्याची वेळ कॉम्प्युटरवर मांडून त्याचा आलेख काढायचे. आलेख खाली गेला की बायकोला कारण विचारायचे. मी त्यांना बाजारात आळीव आणायला पाठवलं आणि ते परत येईपर्यंत बाळ पोटभर पिऊन झोपलं होतं. अशी घरं आठवली की मला आजही हसू येतं. पण आज मला विचुंब्याच्या दर्शनाबद्दल लिहायचं आहे, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही.

दर्शना खाडीकाठच्या एका आगरी गावातली. त्यांच्या घरातली कॉलेजला गेलेली पहिली मुलगी. बेलापूरला एका ऑफिसात नोकरी करत होती. नवरा निलेश तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात शिफ्टमध्ये काम करायचा. कॉलेजपासूनची ओळख, दोन्ही घरांना समजावून केलेलं लग्न. विचुंब्याला नव्या इमारतीत त्यांनी घर घेतलं होतं आणि निलेशची आई कराडकडून बाळंतपणासाठी येऊन राहिली होती.

मला पहिला फोन निलेशचा आला. बाळ दहा-बारा दिवसांचं होतं. "सिस्टर, दूध कमी आहे असं वाटतंय. जरा येऊन बघाल का?" एवढंच तो म्हणाला.

मी दुपारी गेले. उन्हाळा होता, पण खोलीच्या खिडक्या बंद आणि पंखाही बंद. बाळंतिणीला वारा नको म्हणून असेल, असं मला वाटलं. दर्शना पलंगावर शाल घेऊन बसली होती. मांडीवर बाळ, मुलगी. रंगानं दर्शना सावळी असावी, पण त्या दिवशी तिच्या चेहऱ्याला रंगच नव्हता. ओठसुद्धा पांढरे.

"कशी झाली डिलिव्हरी?" मी विचारलं.

"नॉर्मल. पण वार अडकली. खूप ब्लीडिंग झालं. रक्ताच्या बाटल्या लावल्या. मी दोन दिवस आयसीयूत होते, बाळ दुसरीकडे."

मी मान हलवली. असं झालं की आईला अशक्तपणा येतो आणि दूध उशिरा उतरतं, हे मी खूपदा पाहिलं होतं. मी बाळाकडे वळले.

"इतकी शांत आहे हो," निलेशची आई कौतुकानं म्हणाली. "रडत म्हणून नाही. पाजायलासुद्धा उठवावं लागतं."

त्या माउलीला काय माहीत. मला मात्र शांत बाळाची भीती वाटते. भुकेलं बाळ आधी रडतं. रडूनही काही मिळालं नाही की ते ताकद वाचवायला झोपून राहतं, आणि घरच्यांना वाटतं गुणी आहे. मी दुपटं सोडलं. मांड्यांवरची कातडी सैल पडली होती, चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. लंगोटावर विटकरी रंगाचा डाग होता. लघवी फार कमी आणि फार घट्ट झाली की तसा डाग पडतो.

"वरचं काय देता?"

"काही नाही," दर्शना म्हणाली. "फक्त माझं."

"दूध येतंय असं वाटतं तुला?"

"ती ओढत राहते. तास-तास. म्हणजे येत असणार ना?" तिनं फोन पुढे केला. आयांचा एक ग्रुप होता, शेकडो जणी, देशभरातल्या. एकीनं लिहिलं होतं की डब्याचा एक घोट दिला तरी संपलं, सगळी मेहनत पाण्यात. त्याखाली खूप जणींचे अंगठे. "सिस्टर, मी डबा देणार नाही. सहा महिने फक्त आईचं दूध. तुमच्याच हॉस्पिटलातल्या भिंतीवर लिहिलेलं असतं."

लिहिलेलं असतं. मीच किती जणींना वाचून दाखवलं होतं.

"दर्शना, तुझंच दूध पाजू आपण," मी म्हटलं. "पण ते प्यायला ही जगली पाहिजे. आत्ता हिला बालरोगतज्ज्ञांकडे न्यायचं. उद्या नाही, आत्ता."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली नाही, रडलीही नाही. एवढं बोलणं ऐकून एखादी आई बाळाला उराशी घट्ट धरते, तसंही तिनं काही केलं नाही. हळूच म्हणाली, "निलेशला उठवते. रात्रपाळी करून आलाय."

बाळाला त्याच दिवशी दाखल करून घेतलं. शरीरातलं पाणी कमी होऊन क्षार वाढले होते. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर झटके आले असते. सलाइन, मग चमच्यानं डब्याचं दूध. तिसऱ्या दिवशी ती पोर रडायला लागली आणि निलेशची आई काचेबाहेर उभी राहून हात जोडत होती. दर्शना खुर्चीवर बसून होती. नर्सनं डबा उघडून दूध कालवलं तेव्हा तिनं मान दुसरीकडे वळवली.

घरी आल्यावर आमचा खरा झगडा सुरू झाला. बाळ छातीशी लावायचं आणि तिथेच एक बारीक नळी चिकटवायची. नळीचं दुसरं टोक डब्याच्या दुधाच्या वाटीत. बाळ ओढतं तेव्हा नळीतून दूध मिळतं आणि आईच्या अंगालाही ओढल्याचा इशारा मिळतो. दोन्ही कामं साधतात. त्याशिवाय पंप, गरम शेक, पाठीला मालीश. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या होत्याच. आळिवाची खीर, शतावरी, मेथीचे लाडू, बाजरीची भाकरी, जे कोणी सांगेल ते. दर्शना सगळं करत होती. सांगितलेली एकही गोष्ट तिनं चुकवली नाही. अशा मेहनतीवर इतर बायकांना चार-आठ दिवसांत दूध वाढताना मी पाहिलं होतं. दत्तक मूल घेतलेल्या एका बाईलाही थोडंफार आलेलं मला माहीत होतं.

दर्शनाच्या पंपाच्या बाटलीत तळ झाकण्याएवढंही कधी जमलं नाही.

दूध उतरतं तेव्हा छाती दगडासारखी होते, ठणकते, अंगात कसकस येते, ब्लाउज भिजतो. बायका वैतागून जातात. एका दुपारी नळी लावता लावता दर्शनानं मला विचारलं, "ते कसं वाटतं हो, सिस्टर? पान्हा फुटतो म्हणतात ते?"

मला मूलबाळ नाही. मी म्हटलं, "बायका सांगतात, मुंग्या येतात म्हणे."

"मला काहीच वाटत नाही," ती म्हणाली. "बाळंतपणाच्या आधी होती तशीच आहे. जणू मला मूल झालंच नाही."

याच सुमारास तिची आई, मंदाबाई, गावाहून येऊन राहिली. ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई. उरणच्या बाजारात वर्षानुवर्षं टोपली घेऊन बसलेली. आल्या दिवशी ती मुशी, म्हणजे छोटा शार्क मासा, घेऊन आली. आमच्याकडे किनाऱ्यावरचे लोक बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशीचं कालवण देतात. निलेशची आई मासे खात नव्हती, पण तिनं निमूटपणे स्वयंपाकघर मोकळं करून दिलं आणि स्वतः गॅलरीत जाऊन बसली. या घरात सासूनं कधी सुनेला एका शब्दानं दुखवलेलं मी पाहिलं नाही. दुखवत होती ती आई.

"आमच्या घरात कोनाला असं जालं नाय, सिस्टर," मंदाबाई माझ्या देखत म्हणायची. "माज्या आयनं धा पोरांना पाजलं. मी टोपली घेऊन उन्हात बसायची, तिथंच पदराखाली पाजायची. हिला एशीत बसून जमत नाय."

"आये, ए.सी. बंद आहे," दर्शना म्हणायची. "मला थंडी वाजते."

"वैशाखात थंडी. बघा तुमीच. हिचं मनच नाय लागत पोरीत. आईचं मन लागलं की दूध येतंच."

मी मंदाबाईला बाजूला घेऊन समजावलं की असं बोलून दूध वाढत नाही, उलट असेल ते जातं. ती ऐकून घ्यायची. पुढच्या वेळी गेलं की पुन्हा तेच. एकदा तर तिनं डब्याचं दूध कालवणाऱ्या निलेशच्या हातातून वाटी घेऊन बाजूला ठेवली. "भूक लागू दे पोरीला. लागली की ओढेल," म्हणाली. निलेशनं दुसरी वाटी घेतली आणि दुसरं दूध कालवलं. कारखान्यातून आलेला, डोळे तांबारलेले, तो रोज हेच करायचा. दूध कालवायचा, बाटल्या उकळायचा आणि शिफ्टला जायचा.

दीड महिना होत आला. बाळानं बाळसं धरलं होतं, डब्यावर. दर्शना मात्र खंगत चालली होती. जेवण जाईना. बोलणं संथ झालं होतं, प्रश्न विचारला की उत्तर यायला वेळ लागायचा. बसल्या जागी डोळे मिटायचे. मला वाटलं, हे मनाचं दुखणं आहे. बाळंतपणानंतर बायका खिन्न होतात, त्यात हा रोजचा पराभव. मी निलेशला सांगितलं की हिला मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवू. आणि दर्शनाच्या शेजारी बसून म्हटलं, "बाळा, आता थांबू या. तू कमी पडली नाहीस. बाळ वाढतंय, छान आहे. पंप ठेवून दे आणि झोप."

तिनं माझा हात बाजूला केला. "तुम्हीसुद्धा," म्हणाली.

त्यानंतर मला त्या घरून बोलावणं आलं नाही. मी दोनदा फोन केला. निलेशनं उचलला. ती अजून पंप लावते, डॉक्टरांकडे यायला तयार नाही, म्हणाला.

मे महिन्याच्या शेवटी एका दुपारी निलेशच्या आईचा फोन आला. तिला मोबाइल वापरायची सवय नव्हती, त्यामुळे ती फार मोठ्यानं बोलत होती. "सिस्टर, दर्शना उठत नाही. काल उलट्या झाल्या. निलेश ड्यूटीवर आहे, तिथे फोन लागत नाही. काय करू?"

मी रिक्षा करून गेले. दर्शना मोरीच्या दाराशी पडली होती. डोळे अर्धे उघडे. हाक मारली तर ओठ हलायचे. हात बर्फासारखे गार, नाडी हाताला लागेना. मंदाबाई तिचे तळपाय चोळत होती आणि बडबडत होती, "कालपास्नं पोटात पानी ठरत नाय. मी म्हटलं उन्हाचं असेल. मी म्हटलं झोपू द्या." बाळ पलंगावर किंचाळत होतं.

खालच्या वॉचमननं आणि शेजारच्या दोघांनी मिळून तिला चादरीत उचललं. बाळ शेजारणीकडे ठेवलं आणि ॲम्ब्युलन्सची वाट न बघता शेजाऱ्याच्या गाडीनं आम्ही पनवेलच्या हॉस्पिटलात पोचलो. रक्तदाब जवळजवळ लागत नव्हता. साखर फार खाली गेली होती. तातडीच्या खोलीतल्या डॉक्टरांनी सलाइन सुरू केलं, साखर दिली. ती किंचित हलली, पण रक्तदाब वर येईना. नुसत्या उलट्यांनी माणूस इतकं कोसळत नाही, असं ते आपसात बोलत होते.

मग एक फिजिशियन बाई आल्या. तरुण होत्या, केस वर बांधलेले. त्यांनी दर्शनाला नीट तपासलं आणि आम्हाला विचारायला लागल्या. बाळंतपण कधी झालं? रक्तस्राव झाला होता का? किती? मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "अंगावर दूध आलं होतं का?"

निलेशची आई माझ्याकडे बघायला लागली. मंदाबाई खाली बघायला लागली. घरात दीड-दोन महिने ज्या प्रश्नावरून सगळं चाललं होतं, तो प्रश्न पहिल्यांदाच कोणी असा, तापाबद्दल विचारावं तसा, विचारत होतं.

"नाही," मी म्हटलं. "थेंबभरसुद्धा नाही. सगळं करून बघितलं."

"थंडी वाजायची?"

"सारखी."

त्यांनी मला पडद्यामागे बोलावलं आणि विचारलं की प्रसूतीच्या वेळी काढलेले केस पुन्हा आलेत का ते मला माहीत आहे का. मला माहीत नव्हतं. त्यांनी चादर बाजूला केली. इतके दिवस होऊनही तिथली कातडी लहान मुलीसारखी गुळगुळीत होती.

त्यांनी चादर परत नीट केली आणि बाहेर जाऊन नर्सला स्टिरॉइडचं एक इंजेक्शन ताबडतोब द्यायला सांगितलं. रक्ताचे नमुने काढले, पण रिपोर्टची वाट बघितली नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत रक्तदाब वर आला. दर्शनानं डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

नंतर निलेश पोचल्यावर डॉक्टरांनी त्याला बसवून समजावलं तेव्हा मी तिथे होते. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. गरोदरपणात ती फुगते, तिला रक्त जास्त लागतं. बाळंतपणात एकाएकी फार रक्त गेलं तर त्या ग्रंथीपर्यंत ते पोचत नाही आणि ती मरते. शरीरातली बरीच कामं तिच्या हुकमावर चालतात. पाळी, अंगावरचे केस, अंगातली ऊब, संकटात टिकून राहायची ताकद, सगळं. दूध करायचा हुकूमही तिथूनच जातो. "तुमच्या मिसेसचा यात काही दोष नव्हता," त्या म्हणाल्या. "हुकूम देणारंच उरलं नव्हतं. दूध न येणं हीच या आजाराची पहिली खूण असते. साध्या उलट्यांनी तिचा जीव गेला असता."

निलेशनं विचारलं, "आता येईल का दूध?" त्याला बहुधा दुसरं काही विचारायचं होतं, पण तोंडातून तेच आलं.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आणि गोळ्या जन्मभर. एक दिवसही चुकवायच्या नाहीत."

मी बाहेर आले तर मंदाबाई जिन्याच्या पायरीवर बसली होती. शेजारी जेवणाचा डबा होता, न उघडलेला. मी तिच्याजवळ बसले आणि डॉक्टर काय म्हणाल्या ते माझ्या शब्दांत सांगितलं. तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "सिस्टर, मी तुमाला खोटं सांगितलं."

"काय?"

"आमच्या घरात कोनाला असं जालं नाय म्हटलं ना मी. मना जालं होतं. दर्शनाच्या आधी माजा एक पोर होता. सोला वर्सांची होती मी. दूध आलं नाय. सासू म्हनायची, हिचं मन नाय पोरात, तोंड बघा हिचं. डबा कुटून आननार? तांदलाची पेज देत व्हते. गेला तो." तिनं डबा उचलून मांडीवर घेतला. "मना वाटलं, मी हिला जोरानं बोलली तर ही जिद्द धरल. मना कोनी गोड बोललं असतं तर काय जालं असतं, ते मना कधी समजलंच नाय. म्हनून मी तसंच बोलली, माजी सासू बोलायची तसंच."

तिच्या त्या मुलाला नेमकं काय झालं होतं ते आता कोणाला कळणार नाही. सोळा वर्षांची अशक्त पोर, बाळ छातीशी कसं धरायचं ते दाखवायला कोणी नाही. बहुतेक तेवढंच असेल. माझ्यासारखी कोणी तिथे गेली असती तर एका दुपारचं काम होतं. हे मी तिला सांगितलं नाही.

दर्शनाला घरी सोडलं. गोळ्यांनी तिच्या चेहऱ्यावर रंग परत आला. थंडी गेली, भूक लागायला लागली. पंप माळ्यावर गेला. पुढे नातेवाईक येऊन सांगायचे की स्टिरॉइड घेऊ नकोस, हाडं ठिसूळ होतात, आमचे एक वैद्य आहेत. अशा वेळी मंदाबाई मध्ये उभी राहायची. "तुमच्या वैद्याला सांगा माज्या घरी येऊन बस, गोली चुकली आनि पोर पडली तर उचलायला," म्हणायची. गावी परत गेल्यावरही ती रोज सकाळी फोन करते, आणि पहिलं वाक्य असतं, "गोली घेतलीस?" मुलीला कशी आहेस असं विचारायला तिला अजून जमत नाही.

मागच्या हिवाळ्यात मी विचुंब्याला दुसऱ्या एका घरी गेले होते, तेव्हा दर्शनाकडेही डोकावले. मुलगी चालायला लागली आहे, धट्टीकट्टी, सगळं घर उचकते. दर्शनानं नोकरी सोडली. लवकर थकते, म्हणाली. पाळी आपणहून येत नाही. दुसरं मूल होणं अवघड आहे आणि डॉक्टर म्हणतात धोक्याचंही आहे. सोसायटीतल्या बायका मुलीला भाऊ कधी आणणार विचारतात, तेव्हा ती हसून विषय बदलते.

मला वाटलं होतं, कारण कळल्यावर तिच्या मनावरचं ओझं उतरलं असेल. मी तसं म्हणालेही. "बघ, तुझा काही दोष नव्हता. तुझ्या हातात काहीच नव्हतं."

ती मुलीच्या वेण्या घालत होती. हात थांबवले नाहीत. "दूध आलं नाही ते त्या ग्रंथीमुळे," ती म्हणाली. "ते मला पटलंय. पण त्या पहिल्या दहा दिवसांत निलेश डबा आणायला निघाला होता, सिस्टर. दोनदा चप्पल घालून दारापर्यंत गेला. त्याला नको म्हणाले ती मीच. ते कुठल्या ग्रंथीनं केलं?"

तू आजारी होतीस, तुझं डोकं जागेवर नव्हतं, तुला जे सांगितलं गेलं त्यावर तू विश्वास ठेवलास, असं सगळं बोलता आलं असतं, आणि ते खरंही होतं. पण तिनं ते सगळं स्वतःला आधीच सांगून बघितलेलं असणार. वेणीला रबर लावून तिनं मुलीला सोडलं, आणि ती पोर थेट स्वयंपाकघरात निलेशच्या आईकडे धावली. दर्शना तिच्याकडे बघत राहिली. प्रेम नाही असं नव्हतं. पण आपल्या हातून निसटता निसटता वाचलेल्या वस्तूकडे माणूस जसं बघतं तसं ती तिच्याकडे बघते.

मी अजून घरोघर जाते. भिंतीवर लिहिलेलं मी अजूनही खरं मानते; आईच्या दुधासारखं दुसरं काही नाही आणि बहुतेक जणींना ते येतं, थोडं धरून बसलं की येतं. फक्त आता माझ्या कामाची सुरुवात बदलली आहे, आणि त्यामुळे काही घरांत माझ्याबद्दल नाराजी असते.

गेल्याच महिन्यात कळंबोलीला गेले होते. लोखंडाच्या व्यापाऱ्याचं घर, माणसांनी भरलेलं. दारातच आजीनं बाळ माझ्या हातात दिलं. आत्यानं त्याचं वजन सांगितलं. आजोबांनी विचारलं, डबा सुरू करायचा का नाही ते एकदाचं सांगा. मी बाळ आजीकडे परत दिलं आणि म्हटलं, आधी आईला भेटते, बाकीचे जरा बाहेर बसा. आजोबांना ते आवडलं नाही. "दुखणं बाळाचं आहे," ते म्हणाले. मी दार लावून घेतलं. कोपऱ्यात पलंगावर एक वीस-बावीस वर्षांची मुलगी बसली होती. ब्लाउजची बटणं चुकीची लागली होती. मी आल्यापासून तिच्याशी कोणी एक शब्द बोललं नव्हतं.

"कशी आहेस?" मी विचारलं.

तिनं मागे वळून भिंतीकडे बघितलं, मी दुसऱ्या कोणाशी बोलतेय की काय म्हणून. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कोण, मी?"